दोष पाण्याचा नव्हता

मामा, तुमच्या पाण्याबद्दल लिहायचं आहे. लांबण लावत नाही, तुम्हाला ती कधी खपली नाही. कुणी विद्यार्थी दहा मिनिटं प्रस्तावना करून शेवटी दोन लिटर पाणी मागायला लागला की तुम्ही म्हणायचा, "पावणं, कॅन हिकडं द्या आदी, गोष्ट मागनं सांगा." तर कॅन आधी देते. अठ्ठ्याण्णव साली मी पीएच.डी.च्या माझ्या सरांकडे लेखी तक्रार दिली की लॅबमध्ये मामा जे पाणी गाळतात ते अशुद्ध आहे आणि त्यामुळे माझे प्रयोग फसत आहेत. त्या एका कागदावर तुम्हाला मेमो मिळाला आणि हातातलं काम गेलं. तो कागद चुकीचा होता. लिहिताना मला तो खरा वाटत होता, एवढंच काय ते माझ्या बाजूने बोलता येईल. बाकीचं सगळं तुमच्या बाजूचं आहे आणि ते आज मी लिहून काढणार आहे, कितीही जड गेलं तरी.

मी पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा तुम्ही स्टुलावर बसून काचेच्या नळीतून पडणाऱ्या थेंबाकडे बघत होता. डिस्टिलेशनच्या त्या यंत्राला तुम्ही भट्टी म्हणायचा. "आमची बी भट्टीच हाय ताई, पर हिचं पिऊन कोन पडत न्हाय." त्या दिवशी सोमवार असणार, कारण तुमच्या कानामागे रविवारच्या जोतिबाचा गुलाल होता. नळाचं पाणी जिभेवर ठेवून तुम्ही सांगायचा, हे कळंब्याच्या तळ्याचं, हे बोअरचं, हे टँकरवाल्यानं कुठनं तरी भरून आणलेलं. यंत्र सुरू केलं की पहिला कॅन बेसिनमध्ये ओतून द्यायचा, हा तुमचा नियम. मी एकदा म्हटलं, अहो मामा, चांगलं पाणी वाया घालवताय. तुम्ही म्हणालात, "पयल्या पान्यात नळीची घान उतरती, ताई." आठवड्यातून एकदा तुम्ही खिडकीच्या कट्ट्यावर एका नळीत आपलं पाणी घ्यायचा आणि त्यात दोन औषधं टाकायचा. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते लालसर होतं, नसेल तर निळं. ते निळं झालं की तुम्ही नळी उजेडात धरायचा आणि जो समोर असेल त्याला दाखवायचा. सातवी शिकलेला माणूस दर आठवड्याला स्वतःची परीक्षा घेतो, हे तेव्हा मला गमतीचं वाटायचं. मी एम.एस्सी. होते ना!

माझा विषय तुम्हाला समजावला तो दिवस आठवतोय. मी चिमूटभर पांढरी पूड तळहातावर घेऊन दाखवते आहे आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघताय. मी सांगते, मामा, हे कॅल्शियम फॉस्फेट. कोमट पाण्यात ठेवायचं आणि हलकं ढवळत राहायचं. ते कणाकणाने विरघळतं आणि त्याच पाण्यातून दुसऱ्या रूपात परत जमतं. ते जे दुसरं जमतं ना, तेच आपल्या हाडात असतं. फक्त हे होताना पाण्यात आंबटपणा सुटतो, आणि तो वाढला की काम तिथेच थांबतं. म्हणून बसून राहायचं आणि थेंब-थेंब अल्कली घालून तो मारत जायचा. तुम्ही पूड बोटाने चोळून बघितलीत. मग विचारलंत, "म्हंजे पान्यात बसून पूड स्वतःचं हाड करती. आनी आपल्या अंगात कोन ढवळत बसलंय म्हनायचं?" मी हसले. तोच प्रश्न पुढे व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी मला जरा बऱ्या भाषेत विचारला, आणि मला घाम फुटला.

आता चुन्याकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. आमच्या अप्पांचं रंग आणि चुन्याचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या गावाकडच्या घराला दिवाळीला लावायचा चुनासुद्धा तुम्ही आमच्याकडूनच न्यायचा. अप्पा पोत्यातली चुनकळी हातात घेऊन टिचकी मारायचे आणि आवाजावरून भाजणी सांगायचे. "आमच्या चुन्यात खोट न्हाय," हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. माझे पहिले प्रयोग बाटलीतल्या शुद्ध कॅल्शियमवर झाले आणि झकास झाले. ती बाटली संपली आणि नवी येता येईना. तेव्हा मीच सरांना म्हटलं, सर, आमच्या दुकानातला चुना आम्लात विरघळवते, गाळते आणि त्यातून कॅल्शियम घेते. कोल्हापुरात बसून हाडाची पूड करायची तर कोल्हापूरच्या चुन्यातून करू की! सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी थीसिसचं शीर्षकच बदलून टाकलं. अप्पांनी तर दुकानात येईल त्याला सांगायला सुरुवात केली की लेक आमच्या चुन्याचं हाड करणार आहे. लोक चेष्टा करायचे, मग आमची मोडकी हाडं बी जोडून द्या म्हनावं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुमच्या भट्टीची कॉईल जळली. तुम्ही नवी बसवलीत आणि यंत्र पुन्हा सुरू केलंत. म्हणजे माझ्या प्रयोगात एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, चुना आणि पाणी. आज पहिल्या वर्षाच्या मुलीने अशी वही आणली तर मी ती तिच्या अंगावर फेकीन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा, आणि मी तो पाळला नाही.

प्रयोग फसायला लागले. पूड कोमट पाण्यात दोन दोन दिवस ढवळून काढायचे, वाळवायचे, क्ष-किरणांच्या मशीनला पाठवायचे आणि आलेख उघडला की डाव्या हाताला तो उंच सुळका तसाच उभा. सुळका दिसला की समजायचं, पूड होती तशीच आहे, हाड झालेलं नाही. एकदा, दोनदा, सात वेळा. सरांनी शेवटी सांगितलं, दिवाळीपर्यंत निकाल नाही आला तर विषय बदला आणि पहिल्यापासून सुरू करा. घरात माझ्या लग्नाची बोलणी दिवाळीपर्यंतच थोपवून धरली होती. पहिल्यापासून म्हणजे माझ्यासाठी संपलंच. मी हट्टी आहे मामा, तुम्हाला ठाऊक आहे. सोडायचं नाही हे ठरलेलं होतं. पण हट्टी माणसाला दोष शोधायचा असतो तेव्हा तो आपलं घर सोडून शोधतो. अप्पांच्या चुन्याकडे माझी नजर गेली नाही. खोटं कशाला सांगू, एकदा गेली होती. मीच ती फिरवली. चुना अप्पांचा होता, कल्पना माझी होती, शीर्षक त्याच्यावर होतं. पाणी तुमचं होतं.

दोष पाण्यात आहे असं मी सरांना सांगितलं आणि त्यांनी तुम्हाला बोलावलं, तेव्हा त्यांच्या खोलीत तुम्ही ती नळी घेऊन आला होता. "सर, निळं हाय बगा. कालचं बी निळं, परवाचं बी निळं. कॉईल नवी हाय म्हनून मी दोनदा धुऊन घेतली." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हे आजचं पाणी झालं, सर. माझे प्रयोग फसले त्या दिवशीचं पाणी कुठे आहे?" माझा आवाज चांगलाच चढलेला होता. त्या दिवशीचं पाणी कुणी जपून ठेवतं का? तुम्ही म्हणालात, "ताई, मी एकोनीस वर्सं पानी काढतुय." आणि मी, सव्वीस वर्षांची मी, म्हणाले, "वर्षांनी पाणी शुद्ध होत नाही, मामा." सर म्हणाले, लेखी द्या. मी तिथेच टेबलावर बसून लिहून दिलं. तुम्ही नळी हातात धरून उभेच होता.

मेमोवर "कामात निष्काळजीपणा" असे शब्द होते. सही करताना तुम्ही शिपायाचं पेन घेतलं नाहीत, खिशातलं आपलं काढलंत. पुढच्या सोमवारपासून तुम्ही ग्रंथालयाच्या दारात पोरांच्या पिशव्या सांभाळायला बसलात. नंबरचे बिल्ले द्यायचे आणि घ्यायचे. शेजारच्या डिपार्टमेंटचे लोक आधी तुमचंच पाणी मागायचे, त्यांनी स्वतःचं यंत्र घेतलं. मी ग्रंथालयात यायचे तेव्हा तुम्ही माझी पिशवी घ्यायचा, बिल्ला द्यायचा आणि विचारायचा, "झालं का हाड?" टोमणा नव्हता तो, हेच मला जास्त लागायचं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हाड झालं, मामा. ते कसं झालं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता ऐका. तुमच्या जागी नवा माणूस आला, पण मी त्याचं पाणी घेतलं नाही, शेजारच्या यंत्राचं आणलं. चुना तोच. आलेख आला, सुळका तसाच उभा! मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. चुन्याचं स्वच्छ गाळलेलं द्रावण घेतलं आणि त्यात थोडी थोडी अल्कली घातली. पिंजलेल्या कापसासारखा साका तळाला बसला. मॅग्नेशियम. चुन्याच्या दगडात मुळातच ते होतं. घराला लावायच्या चुन्यात असलं तर बिघडत काही नाही, उलट चुना चांगला पकडतो. पण माझ्या पाण्यात मॅग्नेशियम शिरलं की पूड हाड व्हायला तयारच होत नव्हती, जुन्या रूपाला धरून बसायची. मी तो साका गाळून टाकला आणि उरलेल्या द्रावणातून पूड केली. कोमट पाण्यात घातली आणि डबा खाऊन परत येऊन ढवळत बसले. तिसऱ्या दिवशी आलेखातून सुळका गेला होता आणि त्याच्या जागी हाडाचे ते बुटके, रुंद उंचवटे आले होते. माझ्या हाताने झालेलं हाड. मी एकटीच लॅबमध्ये मोठ्याने ओरडले, "झालं की वो!" वळून पाहिलं तर तुमच्या स्टुलावर कुणी नव्हतं.

सर खूश झाले. म्हणाले, हेच तुमचं मुख्य प्रकरण, चुन्यातलं मॅग्नेशियम आणि ते काढायची रीत. मग त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे पाण्याचं काय? पाणी ठीक होतं तर." विचारलं हो त्यांनी, मामा. सरळ विचारलं. त्या क्षणी मी "हो" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही भट्टीवर परत बसला असता. मी म्हणाले, "पाण्यातही थोडं होतंच, सर." सरांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. लेखी तक्रार परत घ्यायची म्हणजे मी दोन गोष्टी एकदम बदलल्या हे कबूल करायचं, आणि व्हायवाच्या तोंडावर ते मला नको होतं. आधीची ती चूक होती. हे मात्र खोटं होतं, धडधडीत. त्याच प्रकरणावर मला डिग्री मिळाली, नोकरी मिळाली आणि लोक आजही तेच प्रकरण वाचून पत्रं पाठवतात.

तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात. दोनेक वर्षांनी कळलं की तुम्ही आजारी आहात. मी थीसिसची एक प्रत आणि पेढे घेतले आणि चंदगडची एसटी पकडली. सांगायचंच म्हणून निघाले होते, वाक्यसुद्धा तयार होतं. पाऊस असा की खिडकीतून रस्ता दिसत नव्हता. तुमच्या फाट्यावर उतरले आणि चिखल तुडवत घरी पोचले. तुम्ही खाटेवर होता, किती बारीक झाला होता. मला बघून उठून बसलात. "अगं, पाय धुवायला पानी दे ताईंना!" मामींना हाक मारलीत. थीसिस मांडीवर घेऊन एक-एक पान उलटलंत, इंग्रजी येत नसताना. आलेखावर बोट ठेवून म्हणालात, "हे हाड व्हय?" मी हो म्हटलं. तुम्ही शेजाऱ्याला बोलावून दाखवलंत, "आमच्या लॅबमदी झालंय हे, आमच्या!"

शेजारी गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "ताई, एक सारकं डोक्यात येतंय. कॉईल बसवली त्या दिवशी मी पयला कॅन वतून दिला हुता का न्हाय, काय केल्या आठवंना. दिला असनार. पर आठवंना बगा."

एकोणीस वर्षं ज्या माणसाने एकदाही पहिला कॅन ठेवला नाही, तो माणूस स्वतःवर शंका घेत खाटेवर पडला होता. माझ्यामुळे. आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या मामा, जुनं झालं आता." चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून पाऊण तास होता.

मामी मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. डोक्यावर पानांचं इरलं, पायात चपला नाहीत. शेडखाली उभ्या राहिल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या हायसा. खरं सांगा, ह्येंच्या पान्यात खरंच काय घान हुती का? रातंदिस त्येच घोकत्यात." मामा, तिथे तुम्ही नव्हता, सर नव्हते, व्हायवा नव्हती, माझं कुणी काहीच वाकडं करणार नव्हतं. मी म्हणाले, "यंत्र जुनं होतं हो मामी. माणसाच्या हातात काय असतं?" मला वाटलं, मी किती सांभाळून बोलले. मामींनी इरल्यावरचं पाणी झटकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे घान हुतीच म्हना की." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तरी तुमी एवढ्या लांब आलासा. मोटं मन हाय तुमचं."

त्या महिन्यातच तुम्ही गेलात. मला पंधरा दिवसांनी कळलं.

इतकी वर्षं मी गप्प बसले आणि आता का उचल खाल्ली, असं तुम्ही विचारलं असतंत. गेल्या महिन्यात माझीच एक विद्यार्थिनी रागाने तणतणत आली, बाटल्या धुणाऱ्या बाईंमुळे तिचं काम बिघडतंय म्हणून, आणि माझ्यापुढे लेखी तक्रार ठेवली. तिचा चढलेला आवाज ऐकला आणि मला सरांच्या खोलीतला माझाच आवाज आठवला. तिला म्हटलं, हा कागद घरी ने आणि आधी तुझी वही आण. वहीत काय निघालं ते सांगत बसत नाही, पोरीचं काम मार्गी लागलं. त्याच दुपारी मी आपल्या जुन्या डिपार्टमेंटला अर्ज लिहिला की माझी अमुक सालची तक्रार चुकीची होती, पाण्यात दोष नव्हता, मेमो रद्द समजावा आणि हे त्या कर्मचाऱ्याच्या फाइलला लावावं. चार ओळींचं उत्तर आलं. एवढ्या जुन्या फाइली आता ठेवलेल्या नाहीत. म्हणजे तुमच्यावरचा डाग कागदावरून पुसायला आता कागदच राहिलेला नाही. तो फक्त एका माणसाच्या मनात आहे आणि तिथे तो मी घातलाय. मामी आहेत, मी चौकशी केली. डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत आहेत.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी चंदगडला जातेय. पेढे नेणार नाही, थीसिसही नाही. ओसरीवर बसून सगळं सांगणार, चुना, सरांचा प्रश्न, फाट्यावरचं माझं उत्तर, एकही गाळायचं नाही. त्यांनी चार माणसं बोलावली तर चार माणसांपुढे सांगणार. त्यांनी हाकलून दिलं तर अंगणात उभी राहून सांगणार. पाण्यात काही नव्हतं, हे त्यांच्या कानात पडल्याशिवाय मी ते गाव सोडणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटात राहील. आणि एक कबूल करते. हे मी सुरू केलं ते तुम्हाला नव्हे. वर आधी "मामी" लिहिलं होतं. दोन ओळी झाल्या आणि हात पुढे जाईना, तेव्हा तो कागद फाडून दुसऱ्यावर "मामा" लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. मामी विचारतील. विचारू देत.